खालचा आकडा

त्या वर्षी माझं पुण्याला जाणं अण्णांच्या रक्तदाबावर येऊन अडकलं होतं. रक्तदाबाचे आकडे दोन असतात, वरचा आणि खालचा. डॉक्टरांना दोन्हींची काळजी होती, मला फक्त खालच्याची. तो नव्वदच्या खाली आला की मी सुटणार होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही बेंगळुरातले जुने मराठी. आमचे लोक इथे कधी आले, कुणाच्या फौजेबरोबर आले, याच्या घरात चार कथा होत्या आणि चारही एकमेकींशी जुळत नसत. मराठी ही घरातली भाषा. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की कन्नड. राहायचो येलहंकात. तेव्हा ते शहरात धरलं जात नसे, बस पकडताना आम्ही 'सिटीला जाते' असंच म्हणायचो. मी एकोणतीस वर्षांची, लग्न न झालेली, सिटीतल्या एका खासगी कचेरीत इमारतींचे नकाशे काढायची. नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं ती. शाईच्या पेनांनी ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढण्याचे हे शेवटचे दिवस आहेत, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

गणपतीनंतर साहेबांनी मला बोलावून घेतलं. पुण्यात शाखा उघडायची होती. "तुझी भाषा तीच आहे, तिथलं काम तू सांभाळ," ते म्हणाले. हाताखाली दोन माणसं, राहायला बायकांच्या वसतिगृहात खोली. मी पुणं कधी पाहिलेलं नव्हतं. तिथे बसचा कंडक्टरही मराठीतच ओरडतो, हे मला खोटंच वाटायचं. पण मला जायचं होतं. किती जायचं होतं हे लिहिताना आजही संकोच वाटतो. त्या आठवड्यात काढलेल्या एका नकाशात मी एकच खोली उगाच मोठी काढली आणि ब्लेडनं शाई खरवडून पुन्हा काढावी लागली.

घरी हे कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव चालली होती, तोच दसऱ्याच्या दिवशी अण्णा तोरण बांधायला स्टुलावर चढले आणि चक्कर येऊन भिंत धरून खाली बसले. बाजाराजवळच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. वर एकशे ऐंशी, खाली एकशे दहा. गोळी सुरू झाली. मीठ बंद. लोणचं, पापड, फरसाण, बेकरीचं सगळं बंद. पालेभाजी, फळं, रागी म्हणजे नाचणी, सायीशिवायचं दूध, ताक बिनमिठाचं. डॉक्टर कन्नडमध्ये आईला म्हणाले, "उप्पु बेडा. मीठ नको म्हणजे नको." आईनं हात जोडून मान डोलावली.

"खालचा आकडा सलग तीनदा नव्वदच्या आत आला, की मी निश्चिंत होईन," डॉक्टर मला म्हणाले. ते त्यांच्या निश्चिंतीबद्दल बोलत होते. त्यातून माझ्या सुटकेची अट तयार केली ती मी. त्या संध्याकाळी मी घरी पुण्याचं सांगितलं ते असं: "जागा चालून आलीय. पण अण्णांचं बीपी उतरेपर्यंत मी कुठे जात नाही." आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. अण्णांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनाही तेच सांगितलं. साहेब म्हणाले, "उगादीपर्यंत थांबतो," म्हणजे पाडव्यापर्यंत. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. लेक असावी तर अशी, असं लोकांनी म्हणावं, हेही मनात होतं. खोटं कशाला सांगू?

बाजार करायचं माझ्याकडे आलं. आईचे गुडघे दुखायचे, आणि थोरला भाऊ लग्न करून के. आर. पुरमला राहायला गेला होता. तो महिन्यातून एकदा बायकोबरोबर यायचा, अण्णांच्या खुर्चीशेजारी बसून 'काळजी घ्या' म्हणायचा आणि निघताना मला दारात सांगायचा, "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत." हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण मी हसून 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणायची.

शनिवारी अर्धा दिवस कचेरी. दोनच्या बसनं परत यायचं आणि घरी न जाता परस्पर बाजारात. आधी सोप्पु, म्हणजे पालेभाजी. जमिनीवर पोतं टाकून बसणाऱ्या अक्काकडून मेथी, राजगिरा, शेपू. मग घेवडा, दुधी, पडवळ. छोटी वेलची केळी एक फणी. लसूण. शहाळं एक, फोडून न घेता तसंच, पिशवीतून घरापर्यंत गुडघ्यावर आपटत. शेवटी किराणा. रागी मी स्वतः निवडून घ्यायची आणि गिरणीत उभी राहून दळून आणायची. पंधरा दिवसांत मी अशी काही तयार झाले की भाजी बघताना मला भाजी दिसेना, अण्णांच्या रक्तवाहिन्या दिसू लागल्या. कचेरीतल्या बायका सुट्टीत साड्या बघायला जायच्या आणि मी सॉसच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत उभी असायची. दुकानदार म्हणायचा, "अक्का, परीक्षा आहे का?"

अण्णांनी सुरुवातीला रान उठवलं. ते एका कारखान्यात हजेरी घेणारे होते, निवृत्त झालेले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा धरलेला माणूस, आता त्यांच्या ताटावर आम्ही हजेरी घेत होतो.

"हे काय गे? दवाखान्यातलं जेवण आणलंस?"

"अण्णा, औषध समजून खा."

"गुरांनासुद्धा मीठ चाटायला ठेवतात. मी तेवढाही नाही का?"

आई त्यांचं वेगळ्या छोट्या पातेल्यात शिजवायची. आमचं दोघींचं नेहमीसारखं. मी म्हटलं होतं की मीही अण्णांसारखंच खाईन, पण आई ऐकेना. "तू दिवसभर सिटीत राबतेस. तू कशाला उपाशी मरतेस?" मी फार ओढून धरलं नाही. अण्णांच्या समोर बसून लिंबाचं लोणचं खाणं बरं दिसत नाही म्हणून मी ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खायची.

तिसऱ्या आठवड्यात अण्णांची कुरकुर थांबली. ताट समोर आलं की ते मुकाट्यानं जेवू लागले. पालेभाजीही दोनदा वाढून घेतली. डॉक्टर म्हणालेच होते, जिभेला दोन-तीन आठवडे लागतात, मग तिला अळणीचीच गोडी लागते. मला विजय मिळाल्यासारखं झालं. कचेरीत मी सगळ्यांना सांगत सुटले. माणसाला कशाचीही सवय होते हो, फक्त घरातल्या एकानं खंबीर राहावं लागतं. मी खंबीर कशी राहिले याची मी इतक्यांदा कहाणी सांगितली की शेजारच्या टेबलवरची बाई मी तोंड उघडताच पेनं धुवायला उठू लागली.

मग आकडे आले. नोव्हेंबरात खालचा एकशे चार. गोळी वाढवली. डिसेंबरात एकशे सहा. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून मला विचारलं, "मीठ?" मी म्हटलं, "चिमूटभरसुद्धा नाही." त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "देवाशपथ नाही." दुसरी गोळी जोडली. संक्रांतीनंतर एकशे चार.

मला संशय येऊ लागला, आणि संशय अण्णांवर. शर्ट धुवायला टाकताना मी खिसे तपासू लागले. एकदा वरच्या खिशात जिऱ्याचे दाणे आणि बिस्किटाचा चुरा सापडला. खारं बिस्किट. तडक उठून मी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर बेकरीवाल्याला सांगितलं, "आमच्या अण्णांना खारं काही देऊ नका. त्यांना बीपी आहे." तो बिचारा लगेच 'सरी अक्का' म्हणाला. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं. अण्णा चहाच्या वेळी फिरायला गेले की लोक त्यांना बघून हसत विचारायचे, "काय अण्णा, आज खारा बन्न पाव स्वल्प चालेल का?" त्यानंतर अण्णा त्या रस्त्यानं जायचे बंद झाले. रेल्वे फाटकाकडून लांबचा वळसा घेऊन ते देवळात जायचे. मला दिसत होतं, आणि मला दया येण्याऐवजी राग यायचा. वाटायचं, एक आकडा खाली आणता येत नाही यांना? एवढंच मागतेय ना मी?

हे वाटल्यावर मला स्वतःचीच लाज वाटायची. आणि लाज वाटल्यावर मी शनिवारी आणखी काही तरी घेऊन यायची. बीट. शेवग्याची पानं. कुणी तरी सांगितलं म्हणून दुधीचा रस काढायचं यंत्र. घरात पिशव्याच पिशव्या झाल्या होत्या. मी त्या बाजारातून सुटू शकत नव्हते. शनिवार आला की पाय आपोआप तिकडेच वळायचे. मला स्वप्नात पुणं दिसायचं नाही, पडवळं दिसायची. एकदा बसमध्ये मला रडू फुटलं, आणि शेजारच्या बाईनं विचारलं तर सांगायला काय होतं माझ्याकडे? घरी मला कुणी मारत नव्हतं, कोंडत नव्हतं. माझे आईवडील माझ्यावर जीव टाकत होते. मी म्हटलं, डोळ्यांत धूळ गेली.

फेब्रुवारीत एकशे आठ. दसऱ्याला होता जवळपास तिथेच. पाच महिने, दोन गोळ्या आणि मी वाहून आणलेली एवढी भाजी, आणि आम्ही होतो तिथेच परत. डॉक्टर म्हणाले, काहींचं असतं असं, हट्टी. आता जन्मभर सांभाळावं लागेल. 'जन्मभर' हा शब्द त्यांनी अण्णांकडे बघून उच्चारला, पण तो लागला मला.

उगादीच्या आधीच्या शुक्रवारी मी साहेबांना सांगितलं की मला जमणार नाही. त्यांनी कारण विचारलंही नाही, त्यांना ते पाठच होतं. "सध्या दुसऱ्या कुणाला सहा महिन्यांसाठी पाठवतो," ते म्हणाले. "तुझ्या घरचं काही बदललं तर मला येऊन सांग." मी टेबलापाशी परत आले आणि एका शाळेच्या जिन्याच्या पायऱ्या मोजत बसले. अठरा होत्या. तीनदा मोजल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाजारात उगादीची गर्दी, कडुनिंबाच्या डहाळ्या, आंब्याची पानं. मी नेहमीप्रमाणे किराणा दुकानात यादी दिली. यादी आई करायची, लिहायची मी. आमचा दुकानदार तोंडपाठ वाचल्यासारखा वाचत गेला. रागी, मूग, गूळ, मिरे. मग थांबला.

"सैंधव आज नाही अक्का. मंगळवारी येईल."

"बरं."

"एक विचारू? एवढं सैंधव तुम्हाला लागतं कशाला? समोरच्या मठातसुद्धा एवढं जात नाही."

सैंधव म्हणजे उपवासाचं मीठ. गुलाबी छटेचे खडे असतात, कुटून वापरतात. आई सोमवार, गुरुवार, एकादशी आणि संकष्टी एवढे उपवास करायची, आणि उपवासाला समुद्राचं मीठ चालत नाही, सैंधव चालतं, हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. यादीत ते पूर्वीही असायचं. दोन-तीन महिन्यांतून एकदा, छोटी पुडी. दुकानदार म्हणाला, "हल्ली दर पंधरा दिवसांनी पाव किलो नेता."

नेत होते. मीच यादीत लिहीत होते, 'सैंधव पाव किलो', माझ्या नकाशावरच्या सुबक अक्षरात. मीच पिशवीत टाकत होते, शहाळ्याखाली. रोज सकाळी मी केस विंचरताना आई खलबत्त्यात काही तरी कुटत असायची, तेही मी ऐकत होते.

मी त्या गर्दीतून घरी कशी आले ते मला आठवत नाही. आई पुरणाची डाळ निवडत होती. अण्णा उशिरा जेवायला बसले होते. मी चपला न काढता स्वयंपाकघरात गेले आणि फळीवरची बरणी उतरवली. ती काही लपवलेली नव्हती. साखरेच्या आणि चहाच्या बरणीच्या मध्ये, अण्णांच्या छोट्या पातेल्याच्या बरोबर वर ठेवलेली होती. निम्मी रिकामी.

"आई, हे तू अण्णांच्या जेवणात घालतेस?"

"मग? अळणी कसं जेवतील ते? पंधरा दिवस बघितलं मी, घास गिळत नव्हते."

"पण डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलंय!"

"मीठ बंदच केलंय की!" आई दुखावल्यासारखी म्हणाली. "मिठाच्या डब्याला मी त्यांच्यासाठी हातसुद्धा लावला नाही. हे सैंधव आहे. उपवासाला चालतं ते. देवाला चालतं, त्यांना का नाही चालणार? आणि याला खारटपणा कमी म्हणून स्वल्प जास्त घालायला लागतं."

मी तिला सांगितलं. सैंधव हेही मीठच. डॉक्टरांच्या हिशेबी दोन्ही एकच. जमिनीतून आलं काय, समुद्रातून आलं काय. मी हे ओरडून सांगितलं, असं ओरडून की शेजारणीनं खिडकी लावून घेतली. आई हातातली डाळ तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. पन्नास वर्षं ती मीठ सोडत आली होती. सोमवारी मीठ सोडायचं, एकादशीला मीठ सोडायचं, आणि सोडायचं म्हणजे डबा बदलायचा, हे तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. नवऱ्यासाठी तिनं तसंच मीठ सोडलं होतं, पुरत्या श्रद्धेनं, त्याचा रक्तदाब उतरावा म्हणून देवाला सांगून.

"म्हणजे मी त्यांना पाच महिने..." ती म्हणाली आणि रडू लागली. तिच्या हातातली डाळ जमिनीवर पसरली. तिला रडताना बघून माझा राग कुठे ठेवावा मला कळेना. बरणी तिनं भरली होती, पण वाहून मी आणली होती. शिकलेली मी होते. सॉसची बाटली वाचणारी मी होते.

मग मी मागच्या खोलीत अण्णांकडे वळले. ते ताटावर बसून सगळं ऐकत होते. हातातला घास त्यांनी खाली ठेवला नव्हता.

"अण्णा, तुम्हाला कळलं नाही? जिभेला कळलं नाही?"

"कळलं की. न कळायला काय झालं? मीठ ते मीठ."

"मग बोलला का नाहीत?"

अण्णांनी घास खाल्ला, पाणी घेतलं. त्यांना घाई कधीच नसे. मग म्हणाले, "तुझ्या आईला माहीत नाही हे मला ठाऊक होतं. पण तू शिकलेली. दर खेपेला तूच घेऊन यायचीस. मी म्हटलं, पोरीला पुण्याला जायचं नाही. साहेबाला तोंडानं नाही म्हणता येत नाही बिचारीला. माझं बीपी पुढे करतेय. तर करू दे. मी खाल्लं."

मला वाटलं ताट उचलून अंगणात फेकावं. तेही जमेना, कारण त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. किंवा मला दिसलं नाही. आजही मी सांगू शकत नाही. मुलगी जवळ राहावी म्हणून ते खात राहिले आणि वेळ आल्यावर तिच्या अंगावर ढकललं, असंही असेल. खरंच माझ्यासाठी स्वतःच्या जिवावर उदार झाले, असंही असेल. दोन्ही मिळूनही असेल. हजेरी घेणारा माणूस. समोरचा आत आलाय की बाहेर गेलाय, एवढं तीस वर्षं नुसत्या नजरेनं ओळखायचा.

"मला जायचं होतं," मी म्हटलं.

पाच महिन्यांत हे वाक्य मी घरात पहिल्यांदा बोलले. 'तुमचं बीपी उतरेपर्यंत जात नाही' हे शंभरदा म्हटलं होतं. 'मला जायचंय' हे एकदाही नाही. माझ्या तोंडून ते इतकं अनोळखी निघालं की आई रडायची थांबून दारातून माझ्याकडे बघू लागली.

"मग आधी नाही का सांगायचं?" अण्णा म्हणाले. "मी कशाला खाल्लं असतं?"

उगादीला आमच्याकडे पुरण झालं, पण कुणी फारसं जेवलं नाही. आईनं बरणी धुऊन पालथी घातली. त्या दिवसापासून तिनं स्वतःचंही मीठ सोडलं, सैंधवासकट, आणि अण्णांच्याच छोट्या पातेल्यातलं जेवू लागली. मी सांगून पाहिलं की तुला गरज नाही, डॉक्टरांनीही सांगितलं. ती म्हणाली, "मला कळू दे, ते काय जेवतात ते." सहा-सात आठवडे अण्णांनी पुन्हा रान उठवलं. गुरांचं उदाहरण पुन्हा निघालं. या खेपेला ते ऐकून मला बरं वाटायचं, निदान खरं तरी होतं.

एप्रिलच्या शेवटी खालचा आकडा ब्याण्णव आला. डॉक्टरांचा विश्वास बसेना, त्यांनी दुसऱ्या दंडावर बघितलं. मग अठ्ठ्याऐंशी. मग शहाऐंशी. मग पुन्हा शहाऐंशी. सलग तीन. डॉक्टरांनी खुर्चीतून उठून माझा हात हातात घेतला आणि बाहेर बसलेल्या रोग्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घरात असं एक माणूस असलं की झालं." बाहेरच्या चारपाच बायका माझ्याकडे आदरानं बघू लागल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

परत येताना अण्णा माझ्याबरोबर बेकरीच्या रस्त्यानं चालले, कितीतरी महिन्यांनी. बेकरीवाल्यानं हात केला, अण्णांनीही केला आणि न थांबता पुढे आले. देवळाच्या वळणावर ते म्हणाले, "साहेबाला विचार की गे. सहा महिने कुठे झालेत अजून? त्या दुसऱ्या माणसाला परत बोलावतील."

"आणि बाजार?"

"मी करीन. मला काय झालंय? तुझी आई यादी करील, मी वाचून घेईन." ते हसले. "जा. मी काही खात नाही आता. तुझ्या देखत सांगतो."

घरी आल्यावर आईनंही तेच म्हटलं. भावाला कळवलं तर तो म्हणाला, जा ग, आम्ही बघू. सगळ्यांनी एकाच दिवशी दारं उघडली. मी प्रत्येकाला 'सरी, विचारते' म्हटलं.

सोमवारी साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. मी पुरे झालेले नकाशे घेऊन आत गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी एकेक उलगडून पाहिला, एका ठिकाणी पेन्सिलीनं खूण केली. मी तिथेच उभी होते. खिडकीतून खालचा बसथांबा दिसत होता, येलहंकाची बस भरत होती. माझ्या ओठांवर वाक्य आलं होतं. चार शब्दांचं तर होतं. पुण्याची ती खोली, हाताखालची दोन माणसं, मराठीत ओरडणारा कंडक्टर, सगळं एका वाक्यापलीकडे होतं, आणि मला भीती वाटली. कसली भीती, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. दसऱ्यापासून ती मला एकदाही वाटली नव्हती. तशी वेळच आली नव्हती.

साहेबांनी मान वर करून विचारलं, "आणखी काही?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि या वेळी मला कारणही द्यावं लागलं नाही.